जेद्दाहला उतरण्याआधी गाडी ठरवा

उमराहला निघालेल्या माणसाकडे आपल्याकडे आठवडाभर लोकांची ये-जा असते. कोणी दुआची आठवण करून देते, कोणी एहरामचे कापड जाड सुती घ्या म्हणते, कोणी लोणच्याची बरणी नीट बांधा म्हणते, तर कोणी चप्पल हरवते म्हणून पिशवी शिवून घ्या असे सांगते. तेलगावात आमच्या घरीही रोज पाच-सात माणसे येऊन गेली. सगळ्यांचे सल्ले आम्ही ऐकले. पण जेद्दाहला विमानातून उतरल्यावर मक्केपर्यंत कशाने जाणार, हे कोणीच विचारले नाही, आणि आमच्याही ते डोक्यात आले नाही. "पॅकेजमध्ये आहे सगळे," एवढे एक वाक्य आमच्यापाशी होते.

हजला हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना ही काळजी नसते. विमानतळावरून मक्केतल्या इमारतीपर्यंत त्यांची बस ठरलेली असते. उमराहचे तसे नाही. तिथे जसे पॅकेज तशी सोय. आणि जेद्दाहचा विमानतळ म्हणजे मक्का नव्हे. किंग अब्दुल अझीझ विमानतळापासून हरम शरीफपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. तेलगावहून बीडला जाऊन परत यावे एवढे. घरातली म्हातारी माणसे, रात्रीची वेळ, बॅगा, अंगावर एहराम आणि अनोळखी देश अशा अवस्थेत हे अंतर कापायचे असते.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे गेलो. अम्मी, अब्बा आणि आम्ही दोघे. पॅकेजच्या कागदावर 'एअरपोर्ट ट्रान्सफर' असे छापलेले होते. त्याचा अर्थ गटाची एक बस, असा निघाला. अम्मींना व्हीलचेअर लागत होती, त्यामुळे इमिग्रेशनला आम्ही मागे राहिलो. पुढे सामानाच्या पट्ट्यावर एक बॅग लवकर येईना. बाहेर आलो तेव्हा बस पाऊण तासापूर्वीच निघून गेली होती. तिच्यात चाळीस माणसे होती, सगळी थकलेली. त्यांना आमच्यासाठी किती वेळ थांबवणार? पॅकेजवाल्याचा फोन लागेना. घड्याळात रात्रीचे दोन वाजले होते. आमच्या शरीराच्या हिशोबाने पहाटेचे साडेचार, कारण सौदी अरेबिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे.

दाराबाहेर "मक्का, मक्का" म्हणत माणसे फिरत होती. त्यातला एक जण जवळ आला. आम्ही पाठ केलेला एकच अरबी प्रश्न विचारला, "बिकम?" म्हणजे केवढ्याला. तो म्हणाला, "मियतैन." दोनशे. अब्बांनी मनात रियालचे रुपये केले आणि मान हलवली. चार बॅगा डिकीत मावेनात, तेव्हा एक अम्मींच्या मांडीवर आली. गाडी निघाली. रस्ता उत्तम होता. मक्केच्या अलीकडे हमरस्त्यावर रिहलवर कुरआन उघडून ठेवावा तशी जी मोठी कमान आहे, तिच्याखालून जाताना अम्मींच्या डोळ्यांना धार लागली होती आणि आम्ही सगळे तलबिया म्हणत होतो.

हॉटेलच्या दारात अब्बांनी दोनशे रियाल पुढे केले. चालकाने चार बोटे दाखवली आणि म्हणाला, "नफर, नफर." म्हणजे माणशी दोनशे. चौघांचे आठशे.

पुढची वीस मिनिटे लिहायला बरे वाटत नाही, पण लिहिली नाहीत तर या लेखाला अर्थ उरत नाही. अब्बा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर त्यांनी माणसे मोजून पैसे घेतले, एका रुपयाचा हिशेब चुकू दिला नाही. त्यांचा आवाज चढला. त्याचाही चढला. आम्हीही मध्ये पडलो, समजूत घालायला नव्हे, भांडायलाच. शेवटी हॉटेलच्या काउंटरवरचा हैदराबादेकडचा मुलगा बाहेर आला, दोघांशी बोलला आणि पाचशेवर मिटवले. अम्मी व्हीलचेअरमध्ये बसून सगळे बघत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "बस करो अब. एहराम बांधके झगडा करने आए क्या?"

खरे नुकसान नंतर कळले. फजरनंतर उमराह केला. तवाफ करताना तिसरी फेरी की चौथी, हे अब्बांना आठवेना. शंकेपोटी त्यांनी आणखी एक फेरी घातली. सई झाली, केस उतरवले, खोलीवर आलो. तेव्हा ते हळूच म्हणाले, "मैं तवाफ में हिसाब कर रहा था. तीन सौ ज्यादा गए." सत्तर वर्षांचा माणूस. ज्या क्षणाची वाट बघत जमिनीचा तुकडा विकून आलेला. काबागृह डोळ्यांसमोर आणि डोक्यात तीनशे रियाल. पैसे पुढे भरून निघाले, पण तो पहिला तवाफ पुन्हा मिळत नाही.

नफर आणि कोयता

त्या चालकाला लबाड म्हणणे सोपे आहे. बरेच दिवस आम्हीही तेच म्हणत होतो. पण शांत डोक्याने विचार केल्यावर दिसले, की प्रश्नच आम्ही अर्धा विचारला होता. किती, हे विचारले. कशाचे किती, हे विचारले नाही. गाडी भरून माणशी भाडे घेण्याची रीत तिकडे आहे, तशी आपल्याकडेही आहे. माजलगावच्या काळी-पिवळीत बसून "किती?" विचारले तर कोणी पूर्ण जीपचे भाडे सांगेल का? तो सीटचे सांगेल. 'नफर' हा शब्दही आम्हाला परका नव्हता. उर्दूत तो आहेच, आम्ही तो वर्गात शिकवतो. फक्त वेळेवर विचारला नाही.

आणि आम्ही तर तेलगावचे! इथल्या साखर कारखान्याच्या धुराड्याखाली वाढलेली माणसे. आमच्या शाळेत दरवर्षी हंगाम सुरू झाला की बाके रिकामी होतात, कारण मुलांचे आई-बाप कोयता घेऊन बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेताना इथला अडाणी माणूससुद्धा आधी विचारतो, कोयत्यामागे किती? कोयता म्हणजे एक माणूस नाही, नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा असेल तर अर्धा कोयता. हा भेद न विचारता कोणी उचलीला अंगठा लावत नाही, कारण न विचारलेल्या शब्दापायी हंगामाअखेर किती भांडणे होतात, ते गावाने पाहिले आहे. ही समज गावाच्या वेशीवर ठेवून आम्ही विमानात बसलो होतो.

हिजरतचा करार

आम्ही आलिम नाही. पण या प्रसंगानंतर जे वाचले, विचारले, ते सांगावेसे वाटते.

प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बकर (रजि.) यांच्या हिजरतची हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. सौर गुहा, तीन रात्री, पाठलाग करणारे कुरैश. पण त्या प्रवासाला वाटाड्या भाड्याने ठरवला होता, याकडे आपले लक्ष जात नाही. तो बनी दील घराण्यातला होता, त्याचे नाव सीरतच्या पुस्तकांत अब्दुल्लाह बिन उरैकित असे येते. तो तेव्हा मुसलमानही नव्हता. पण वाटांचा जाणकार होता आणि विश्वासाचा होता. दोन उंटिणी आधीच त्याच्या ताब्यात दिल्या आणि ठरले, की तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी यायचे. तिसऱ्या रात्रीच्या सकाळी तो उंटिणी घेऊन हजर झाला आणि त्याने त्यांना किनाऱ्याच्या वाटेने नेले. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेली ही हकीकत सहीह बुखारीत इजाराच्या, म्हणजे मजुरी-भाड्याच्या व्यवहाराच्या भागात आली आहे. जिवावरच्या प्रवासातही माणूस कोण, वाहन कोणते, जागा कोणती, दिवस कोणता, हे सगळे आधी पक्के होते. अबू बकर (रजि.) यांनी आपली उंटीण भेट म्हणून देऊ केली, तरी प्रेषितांनी (स.) ती किंमत देऊनच घेतली. मित्राच्या बाबतीतही व्यवहार मोघम ठेवला नाही.

'तवक्कुल'च्या नावाखाली आपण जो ढिसाळपणा करतो, त्याला या हकीकतीत जागा नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे. "अल्लाह मालिक है, उतरून बघू" हे वाक्य आम्हीही म्हटले होते.

दुसरी गोष्ट एहरामची. सूरह बकरहच्या १९७ व्या आयतीत हजच्या काळात अश्लीलता आणि पाप यांच्याबरोबरच भांडणही नाव घेऊन मना केले आहे, आणि एहरामची ही शिस्त उमराहलाही तशीच पाळायची असते. भारतातून जेद्दाहला जाताना मीकात विमानातच ओलांडली जाते, म्हणून एहराम मुंबईला किंवा विमानात बांधावा लागतो. याचा सरळ अर्थ असा, की जेद्दाहच्या दारात भाड्याची घासाघीस करणारा माणूस एहराममध्ये असतो. हा सौदा एहराम बांधण्याआधीच, घरी बसून, डोके थंड असताना व्हायला हवा.

तिसरी गोष्ट त्याच सूरहच्या २८२ व्या आयतीची. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. तिच्यातच हातोहात होणाऱ्या व्यवहाराला न लिहिण्याची सवलत आहे. टॅक्सीत बसलो, उतरलो, पैसे दिले, हे हातोहात झाले. पण महिनाभर आधी इसार द्यायचा आणि सेवा नंतर घ्यायची, हे हातोहात नाही. ते लिहायलाच हवे. व्हॉट्सअॅपवर लिहिले तरी चालेल. फक्त बोलण्यावर सोडू नये.

काय काय ठरवायचे

यंदा खाला आणि खालू उमराहला निघाले, तेव्हा आम्ही वहीचा एक कागद घेऊन बसलो. खालूंचे गुडघे गेलेले, खालांना साखरेचा त्रास. गटाच्या बसवर सोडायचे नाही, हे ठरले. मक्केतल्या हॉटेलमार्फत गाडी बुक केली. हॉटेल, ओळखीचा परवानाधारक गाडीवाला किंवा मोबाईलवरचे अॅप, यांतले काहीही चालते. उबर आणि करीम दोन्ही तिथे चालतात. करीम ही दुबईत २०१२ साली सुरू झालेली कंपनी, पुढे ती उबरनेच घेतली. अॅपमध्ये भाडे, गाडीचा क्रमांक आणि चालकाचे नाव आधीच दिसते, हा त्यांचा फायदा. पण उतरल्या उतरल्या फोनमध्ये इंटरनेट हवे आणि ते वापरण्याची सवय हवी. खालूंना बटणाचा फोन बरा वाटतो, म्हणून तो मार्ग बाद. दारात "मक्का, मक्का" म्हणणाऱ्यांच्या नादी मात्र कोणीच लागू नये. परवाना नसताना प्रवासी नेण्याला सौदी कायद्याने मनाई आहे, आणि अशा गाडीत बॅग राहिली तर विचारायचे कोणाला?

कागदावर पहिल्यांदा तारीख लिहिली आणि तिथेच चूक सापडली. विमान मुंबईहून रात्री साडेदहाला सुटणार होते. प्रवास सव्वापाच तासांच्या आसपास, म्हणजे जेद्दाहच्या घड्याळात ते रात्री सव्वाएकला उतरणार. तारीख बदलली! बुकिंगमध्ये निघण्याची तारीख पडली असती तर गाडी एक दिवस आधी येऊन गेली असती. आपल्या इस्लामी हिशोबात तारीख मगरिबला बदलते, गाडीवाल्याच्या हिशोबात रात्री बाराला. म्हणून तारखेबरोबर विमानाचा क्रमांक आणि उतरण्याची स्थानिक वेळ द्यावीच. क्रमांक असला की विमान उशिरा आले तरी चालकाला कळते.

मग टर्मिनल. जेद्दाहला टर्मिनल १ हे नवे, नॉर्थ टर्मिनल हे जुने, आणि हज टर्मिनल आणखी वेगळे. ही एकमेकांपासून दूर आहेत. एकात माणूस आणि दुसऱ्यात गाडी, असे झाले तर अर्धी रात्र फोनवर जाते. विमान कंपनीकडे विचारून टर्मिनलचे नाव कागदावर लिहिले. (त्या हज टर्मिनलबद्दल एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. १९८१ साली सुरू झालेले ते तंबूंच्या छताचे टर्मिनल ज्या अभियंत्याने उभे केले, ते फजलुर रहमान खान ढाक्याचे. शिकागोच्या उंच इमारतींमुळे जगभर नाव झालेले. १९८२ मध्ये ते जेद्दाहलाच वारले.)

यानंतर आमचा दुखरा मुद्दा. आम्ही शब्द असे लिहिले : पूर्ण गाडी, दोन माणसे, तीन मोठ्या बॅगा आणि एक घडीची व्हीलचेअर, विमानतळापासून हॉटेलच्या दारापर्यंत, पार्किंगसह एकूण इतके रियाल, माणशी नाही. समोरून "होय" असा लेखी निरोप येईपर्यंत इसार पाठवला नाही. गाडीचा प्रकारही विचारला. चार माणसे सेडानमध्ये बसतात, पण त्यांच्या चार बॅगा बसत नाहीत, हे आम्ही अम्मींच्या मांडीवर शिकलो होतो. कुटुंब मोठे असेल तर सात आसनी किंवा व्हॅनच सांगावी.

थांबण्याचा वेळ हा दुसरा भांडणाचा मुद्दा. 'एक तास मोफत' असे बरेच जण म्हणतात, पण तो तास कधीपासून? विमान टेकल्यापासून की ठरलेल्या वेळेपासून? व्हीलचेअरच्या माणसाला इमिग्रेशन आणि सामान धरून तासाहून जास्त लागू शकतो. तासानंतर दर अर्ध्या तासाला किती, हेही लिहून घेतले. आणखी एक : नमाजच्या वेळी आणि गर्दीत हरमभोवतीचे रस्ते पोलीस बंद करतात. तेव्हा गाडी हॉटेलच्या दाराशी जाऊ शकत नाही, यात चालकाचा दोष नसतो. अशा वेळी तो थांबून राहील की लांब उतरवेल, हे विचारावे. व्हीलचेअर असेल तर थांबण्याचे जास्तीचे पैसे द्यायची तयारी ठेवावी.

पैसे कोणत्या चलनात, हेही मोघम राहू नये. रियालची किंमत १९८६ पासून डॉलरला ३.७५ अशी बांधलेली आहे, त्यामुळे रुपया घसरला की आपल्याला रियाल महाग पडतो. एजंटाने दोन महिन्यांपूर्वी रुपयांत सांगितलेला आकडा आणि चालकाने दारात मागितलेले रियाल यांचा मेळ बसत नाही, तो यामुळेही.

तरुण आणि हलक्या सामानाच्या मंडळींना गाडीची गरजच नाही. २०१८ पासून हरमैन रेल्वे सुरू आहे. मक्का, जेद्दाह, मदीना अशी साडेचारशे किलोमीटरची वाट ती ताशी तीनशेच्या वेगाने कापते आणि तिचे एक स्टेशन विमानतळातच आहे. तिकिटावर किंमत छापलेली, घासाघीस नाही. फक्त मक्केचे स्टेशन हरमला लागून नाही, रुसैफा भागात आहे. तिथून पुन्हा बस किंवा टॅक्सी आलीच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोनदा चढ-उतार म्हणजे शिक्षा. आणि रात्री दोनला उतरणाऱ्याने त्या वेळी गाडी आहे का, ते आधी बघावे.

आपल्याकडचा टप्पा

लोक म्हणतील, सौदीचे एवढे आणि मुंबईचे काय? तेलगावहून मुंबई सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, गाडीने नऊ-दहा तास. उमराहच्या सगळ्या प्रवासात जिवाला सर्वांत जास्त धोका असेल तर तो याच रस्त्यावर. आणि गाडी ठरते कशी? शेजाऱ्याचा भाचा, त्याची अर्टिगा, "द्या काहीतरी, घरचेच आहात."

घरचा असो की बाहेरचा, पाटीचा रंग बघावा. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याने चालवायचा परवाना असलेली गाडी. पांढरी पाटी म्हणजे घरगुती वापराची. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडू शकतो. दोन-तीन हजार वाचवायला एवढी जोखीम घ्यायची का, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही आता घेत नाही. सीएनजीची गाडी असेल तर डिकीत टाकी असते, बॅगा कुठे ठेवणार हे आधी विचारावे. येताना जमजमचे खोकेही असते. भाडे किलोमीटरवर असेल तर दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार, टोल आणि पार्किंग कोणाचे, ड्रायव्हरचा भत्ता किती, हे प्रश्न आपल्या लोकांना माहीत आहेत. ते विचारायची लाज वाटते, एवढेच.

आता नुसते 'मुंबई विमानतळ' म्हणूनही भागणार नाही. अंधेरीकडचा जुना विमानतळ आहे, त्यातही आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल २ वरून. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा वेगळा. तिकिटावर बीओएम असेल तर जुना, एनएमआय असेल तर नवी मुंबई. ड्रायव्हरला तिकिटाचा फोटोच पाठवावा.

पण या टप्प्यावरची मोठी गोष्ट म्हणजे ड्रायव्हरची झोप. आमच्या परतीला गाडी न्यायला आलेला मुलगा चोवीस-पंचवीसचा. रात्रभर गाडी चालवून तो पहाटे पोहोचला होता. विमानाला तीन तास उशीर झाला. तो पार्किंगमध्ये, गाडीतच. आम्ही बाहेर आलो, सलाम-दुआ झाली, त्याने बॅगा चढवल्या आणि लगेच निघालो, कारण गावात लोक वाट बघत होते. अहिल्यानगरच्या अलीकडे अब्बांना आरशात त्याच्या पापण्या मिटताना दिसल्या. एसटीतली नजर. त्यांनी काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ढाब्याशी गाडी घ्यायला लावली. तो दोन तास खाटेवर मेल्यासारखा झोपला. आम्ही चहा पीत बसलो. घरून फोनवर फोन.

त्याने झोपायला जागा मागितली नव्हती आणि आम्ही विचारले नव्हते. पुन्हा तोच न विचारलेला प्रश्न, या वेळी चूक पूर्ण आमची. प्रेषितांनी (स.) मजुराची मजुरी विनाविलंब देण्याची ताकीद दिली आहे, ते आपल्याला पाठ असते. पण नऊ तास चालवून आलेल्या माणसाकडून लगेच आणखी नऊ तास चालवून घेणे, याचा हिशेब कशात धरायचा? आता आम्ही गाडी सांगतानाच सांगतो, की ड्रायव्हरने आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचावे, रात्री झोपावे, त्या रात्रीचे पैसे आमचे. खर्च वाढतो. तो उमराहच्या खर्चातच धरायचा. गावातल्या स्वागताला चार तास उशीर झाला तरी हार सुकत नाहीत.

जुन्या लोकांना हे सगळे ऐकून हसू येईल. १९९५ पर्यंत मुंबईहून हजची जहाजे जात होती. त्या काळी आपल्या भागातला माणूस आधी मुंबईला मुसाफिरखान्यात जाऊन राही, मग जहाजावर आठवडाभर काढी. त्याला घाई नव्हती. आपण पाच तासांत जेद्दाहला पोहोचतो आणि पुढच्या दीड तासाच्या रस्त्यावर घसरतो.

खाला-खालूंचा कागद आम्ही उर्दूत आणि इंग्रजीत, दोन प्रतींत लिहिला. वर हॉटेलचे नाव, पत्ता आणि फोन. खाली गाडीची सगळी बोली. एक प्रत खालूंच्या गळ्यातल्या पिशवीत, एक खालांच्या पर्समध्ये. रात्री सव्वाएकला विमान उतरले, बाहेर यायला त्यांना तीन वाजले. चालक खालूंच्या नावाची पाटी धरून उभा होता. मोफत तासाच्या वर पाऊण तास झाला होता, त्याचे जास्तीचे पैसे कागदावरच होते. खालूंनी हॉटेलच्या दारात ठरलेली रक्कम आणि वरचे रियाल एकदम मोजून दिले.

उमराह झाल्यावर दुपारी त्यांचा फोन आला. खाला बोलल्या, रडल्या, पुन्हा बोलल्या. मग अब्बांनी फोन घेतला आणि पहिलेच विचारले, "गाडीवाले का क्या हुआ?"

तिकडे थोडा वेळ शांतता. मग खालूंचा आवाज आला, "कौन गाडीवाला?"